शत्रूच्या वंशजांनी घेतलेली इजिप्तची गादी

अल्जीरियातील तिझी उझू या शहरात जानेवारी २०२१ मध्ये एका राजाचा चार मीटरहून उंच पुतळा बसविण्यात आला आणि त्याबरोबरच वादालाही तोंड फुटले. पुतळा होता शोशेंक पहिला याचा. हा राजा अल्जीरियात नव्हे, तर इजिप्तमध्ये राज्य करून गेला. इसवी सन पूर्व ९४३ च्या सुमारास तो फॅरोच्या गादीवर आला आणि जवळपास एकवीस-बावीस वर्षे राज्य करून वारला. मग त्याचा पुतळा हजारो किलोमीटर दूर, उत्तर आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला कशासाठी? याचे उत्तर असे, की शोशेंक वंशाने इजिप्शियन नव्हता. त्याचे पूर्वज नाईलच्या पश्चिमेकडील वाळवंटातून आलेले लिबियन होते आणि जगाला ‘बर्बर’ या नावाने परिचित असलेला अमाझिग समाज त्याला आपला पूर्वज मानतो.

हा नुसता भावनेचा प्रश्न राहिलेला नाही. अमाझिग कालगणनेचा आरंभच शोशेंकच्या राज्यारोहणाशी जोडून इसवी सन पूर्व ९५० पासून धरला जातो. त्यामुळे २०२४ साली या समाजाने २९७४ व्या वर्षाचे स्वागत केले. ‘येन्नायेर’ हा त्यांचा नववर्षदिन अल्जीरियात २०१८ पासून सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, तर मोरोक्कोने २०२४ पासून ही सुटी लागू केली. सण जुना असला, तरी त्याला जोडलेली ही वर्षगणना मात्र अगदी अलीकडची. अमार नेगादी या कार्यकर्त्याने पॅरिसमध्ये १९८० साली ती प्रचारात आणली. सात-आठ वर्षांची तफावत सोडून देऊ. एवढ्या जुन्या काळात ती क्षम्यच म्हणावी लागेल. खरा घोटाळा आहे तो लोककथेत. शोशेंकने अल्जीरियाच्या भूमीवर रामसेस राजाचा पराभव केला आणि इजिप्त जिंकून घेतला, असे तिकडे अनेकांना मनापासून वाटते. वस्तुतः शोशेंक गादीवर आला तेव्हा शेवटच्या रामसेसला जाऊन शंभर वर्षे उलटून गेली होती. शिवाय शोशेंकला इजिप्तवर स्वारी करण्याचे काही कारणच नव्हते. तो तेथेच राहत होता आणि त्याच्याआधी त्याच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या तेथे नांदल्या होत्या.

‘हा राजा नक्की कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आणखी अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

पश्चिमेचे वादळ

नाईलच्या पश्चिमेला राहणाऱ्या टोळ्यांना इजिप्शियन लोक फार पूर्वीपासून ओळखत होते. गुरे राखणारे, अंगावर गोंदवून घेणारे, केसांत पिसे खोवणारे हे लोक मंदिरांच्या भिंतींवर बहुधा एकाच अवस्थेत दिसतात. राजाने त्यांचे केस मुठीत धरले आहेत आणि दुसऱ्या हातात गदा उगारली आहे! मात्र इसवी सन पूर्व तेराव्या शतकात या टोळ्यांच्या हालचालींचे स्वरूप पालटले. मेर्नेप्टाह राजाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व १२०८ च्या सुमारास, ‘लिबू’ टोळीचा प्रमुख मेर्येय हा समुद्रमार्गे आलेल्या काही जमातींना हाताशी धरून त्रिभुज प्रदेशावर चालून आला. त्याच्यासोबत बायकामुले होती, गुरेढोरे होती, घरातील चीजवस्तू होती. लूट घेऊन परतणाऱ्यांचे हे लक्षण नव्हे. त्यांना वसायचे होते. सहा तासांच्या लढाईनंतर मेर्येय रणांगण सोडून पळाला आणि सहा हजारांहून अधिक लिबियन मारले गेले, असे कर्नाकच्या मंदिरातील शिलालेख सांगतो.

याच राजाचा दुसरा एक शिलालेख फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ साली थीब्ज येथे सापडला. त्यात ‘इस्राएल’चा उल्लेख असल्याने तो जगभर गाजला आणि त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. प्रत्यक्षात तो उल्लेख अगदी शेवटच्या ओळींत येतो. बाकी सारा लेख लिबियनांवरील विजयाच्या वर्णनाने भरलेला आहे. राजाच्या लेखी महत्त्वाचे काय होते, हे त्यावरून समजते.

त्यानंतर रामसेस तिसरा याने आपल्या पाचव्या आणि अकराव्या वर्षी लिबियनांशी दोन मोठी युद्धे केली. दुसऱ्या युद्धात पुढाकार ‘मेश्वेश’ टोळीचा होता. शोशेंकचे घराणे याच टोळीतले. मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या भिंतींवर शत्रूच्या कापून आणलेल्या हातांचे ढीग आणि ते मोजून नोंद करणारे लेखनिक कोरलेले आहेत. पण पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने मेलेल्यांपेक्षा जिवंत पकडलेले महत्त्वाचे ठरले. त्यांच्या अंगावर राजाच्या नावाचे डाग देण्यात आले, त्यांना किल्ल्यांमध्ये आणि लष्करी वसाहतींमध्ये ठेवण्यात आले आणि त्यांच्याकडून सैनिक म्हणून काम घेण्यात आले. पराभूत शत्रूला आपल्याच फौजेत भरती करण्याचा हा उद्योग काही इजिप्तनेच केला असे नाही. परंतु इजिप्तला त्याचा परिणाम फार दूरवर भोगावा, किंवा दुसऱ्या बाजूने पाहिले तर अनुभवावा लागला.

कैद्यांच्या पाठोपाठ इतर लिबियनही लहान लहान गटांनी येत राहिले. रामसेस वंशाची पकड ढिली झाली. थीब्जमध्ये राजांची थडगी खोदणारे कारागीर ‘परकीयां’च्या भीतीने कामावर जाईनासे झाले, अशा नोंदी त्यांच्या रोजनिशीत आहेत. इ. स. पूर्व १०७० च्या सुमारास राज्याचे दोन भाग पडले. उत्तरेत टॅनिस येथे राजा, तर दक्षिणेत थीब्ज येथे अमुन देवाचा मुख्य पुरोहित, जो सेनापतीही असे. या काळात त्रिभुज प्रदेशातील मेश्वेश सरदारांच्या हाती जमीन, शस्त्रे आणि माणसे होती. सत्ता त्यांच्या दाराशी चालत येणार, हे उघड होते.

सरदाराचा राजा झाला

ती पहिल्यांदा आली शोशेंकच्या चुलत्याकडे. ओसोर्कॉन या अस्सल लिबियन नावाचा हा राजा टॅनिसच्या गादीवर सहा वर्षे होता. त्याच्यानंतर गादी पुन्हा दुसरीकडे गेली; पण वाट मोकळी झाली होती. शोशेंक हा ‘मेश्वेशांचा थोर सरदार’ होता. राजा होण्यापूर्वीच त्याचे वजन किती होते, हे अबायडॉस येथील एका शिलालेखावरून कळते. त्याचे वडील निमलॉट यांच्या श्राद्धविधीसाठी लावून दिलेल्या जमिनीचे उत्पन्न तेथील कारभाऱ्यांनी खाल्ले. तेव्हा खुद्द फॅरोने अमुन देवाला कौल लावून दोषींना शिक्षा देवविली. सरदाराच्या घरगुती तक्रारीसाठी राजाने देवापुढे उभे राहावे, यातच पुढचे सारे आले.

राजा सुसेनेस दुसरा याच्या मृत्यूनंतर शोशेंक गादीवर बसला. लढाई झाल्याचा पुरावा नाही. उलट त्याचा मुलगा ओसोर्कॉन याचा विवाह सुसेनेसच्या मुलीशी, मातकारेशी झालेला होता. तरीही थीब्जच्या पुरोहितांना हा राजा लगेच पचला नाही. कर्नाकच्या एका नोंदीत त्याच्या दुसऱ्या वर्षाचा निर्देश आहे. पण तेथे त्याला राजा न म्हणता ‘मेश्वेशांचा थोर सरदार’ एवढेच म्हटले आहे. पुरोहितांनी विरोध असा लेखणीने नोंदविला. शोशेंकने त्यावर तलवार उपसली नाही. त्याने आपला मुलगा इउपुट यालाच अमुनचा मुख्य पुरोहित आणि दक्षिणेचा सुभेदार करून टाकले! पुढे नोंदी आपोआप सुधारल्या.

दूरच्या प्रदेशातही त्याची माणसे पोहोचली होती. पश्चिमेच्या वाळवंटातील दाखला या मरूद्यानात विहिरींच्या मालकीवरून तंटा होता. ते मिटविण्यासाठी वायहेसेत नावाचा मेश्वेश अधिकारी तेथे गेला. सेथ देवाच्या कौलाने पाण्याचा निवाडा झाला आणि तो दगडावर कोरून ठेवण्यात आला. वाळवंटात पाण्याचे मोल जाणणारा माणूसच तेथे पाठविला गेला, हा योगायोग म्हणावा काय?

शोशेंकचे नाव जगात गाजले ते मात्र वेगळ्याच कारणाने. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथात ‘शिशक’ नावाचा इजिप्तचा राजा येतो. यहुदाचा राजा रहबाम याच्या पाचव्या वर्षी त्याने जेरुसलेमवर चाल करून मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना नेला, असे तेथे म्हटले आहे. शोशेंकनेही पॅलेस्टाईनवरील स्वारीचे मोठे शिल्प कर्नाकच्या भिंतीवर कोरविले. त्यात दीडशेच्या वर गावांची नावे हात बांधलेल्या कैद्यांच्या रूपात दाखविली आहेत. चित्रलिपी उलगडणारा शाम्पोलियाँ १८२८ साली कर्नाकला गेला, तेव्हा यातील एक नाव त्याने ‘यहुदाचा राजा’ असे वाचले आणि युरोपात खळबळ उडाली. पुढे ते वाचन चुकीचे ठरले. ते एका साध्या ठिकाणाचे नाव निघाले. या यादीत जे वाचता येते, त्यात जेरुसलेम नाहीच. यादीचा काही भाग झिजला आहे हे खरे. पण वाचता येणारी गावे उत्तरेत आणि दक्षिणेकडील नेगेव वाळवंटात आहेत. स्वारी मात्र नक्की झाली. मेगिद्दो येथील उत्खननात १९२० च्या दशकात शोशेंकचे नाव असलेला शिलाखंड मिळाला आहे. बहुसंख्य अभ्यासक शिशक आणि शोशेंक एकच मानतात. जेरुसलेमचा उल्लेख का नाही, यावरील वाद अजून शमलेला नाही. खंडणी देऊन शहर वाचविले असेल, तर ते ‘जिंकलेल्या’ गावांत कसे यावे, हे एक उत्तर आपल्याला पटण्याजोगे वाटते.

याच राजाच्या काळातील एक घटना मात्र स्वारीहून अधिक विलक्षण आहे. थडगी फोडणाऱ्या चोरांपासून वाचविण्यासाठी जुन्या राजांच्या ममी पुरोहितांनी एकत्र करून दैर अल-बाहरीच्या डोंगरातील एका गुप्त थडग्यात लपविल्या. त्यात रामसेस दुसरा होता, आणि लिबियनांचे हात मोजणारा रामसेस तिसराही. तेथील शेवटचे दफन शोशेंकच्या अकराव्या वर्षाच्या सुमाराचे आहे. त्यानंतर हे थडगे बंद झाले आणि १८८१ पर्यंत पुराणवस्तू खात्याला त्याचा पत्ता नव्हता. ज्याने मेश्वेशांना डाग देऊन कैदेत टाकले, त्याच्या देहाचे रक्षण अखेर एका मेश्वेश राजाच्या अमदानीत झाले.

नाव बदलले नाही

तर मग हे राजे इजिप्शियन झाले होते की लिबियनच राहिले? जुन्या इतिहासकारांचे उत्तर सरळ होते. मंदिरे बांधली, इजिप्शियन देवांची पूजा केली, ममी करून घेतल्या, राजपदाच्या सर्व पदव्या घेतल्या. अर्थात ते पूर्णतः इजिप्शियन झाले. अँथनी लेही यांनी १९८५ साली या मताला जोरदार धक्का दिला. त्यांचा मुद्दा साधा होता. इतकी मिसळण झाली असेल, तर नावे का बदलली नाहीत? शोशेंक, ओसोर्कॉन, ताकेलॉट, निमलॉट, इउपुट ही नावे इजिप्शियन कानांना परकीच होती. तरीही दोनशे वर्षे ती नातवंडा-पतवंडांना ठेवली गेली. सरदार आपल्या डोक्यावरील पीस शिल्पांतही अभिमानाने मिरवीत राहिले.

वंशावळीचे वेडही याच काळातले. मेंफिसजवळच्या सेरापियममध्ये, म्हणजे पवित्र एपिस बैलांच्या दफनस्थानी, मारिएट यांना १८५१ साली एक शिलालेख मिळाला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पासेनहोर नावाच्या पुरोहिताने शोशेंक पाचवा याच्या ३७ व्या वर्षी तो कोरविला. बैलाच्या अंत्यविधीच्या निमित्ताने या गृहस्थांनी आपल्या पूर्वजांची सारी मालिका सांगितली. त्यात राजे आहेत, राण्या आहेत आणि पार शेवटी बुयुवावा नावाचा लिबियन पूर्वज आहे. या वंशाचा आरंभ आपल्याला आज ठाऊक आहे, तो मुख्यतः या एका पुरोहितामुळे. परक्या मुळाची लाज वाटणारा माणूस ते दगडावर कोरून देवापुढे ठेवणार नाही.

याहून खोल फरक होता तो सत्तेच्या कल्पनेत. इजिप्तच्या परंपरेत राजा एकच, दोन्ही देशांचा स्वामी. टोळीच्या रीतीत सत्ता भावाभावांत, मुलांत वाटली जाते. शोशेंकच्या वारसांनी हीच रीत चालविली. ओसोर्कॉन दुसरा याने (इ. स. पूर्व सुमारे ८७२ ते ८३७) एका मुलाला मेंफिसच्या प्टाह देवाचे मुख्य पुरोहितपद दिले, दुसऱ्याला हेराक्लिओपोलिस आणि पुढे थीब्ज, तर हॉर्नाख्त या मुलाला टॅनिसच्या अमुन मंदिराचे मुख्य पुरोहितपद दिले. हा मुख्य पुरोहित आठ-नऊ वर्षांचा असतानाच वारला आणि वडिलांच्या थडग्यात पुरला गेला. बापाला पुढचे दिसत होते, असे वाटते. टॅनिस येथील एका मूर्तीवर ओसोर्कॉनने कोरविलेल्या प्रार्थनेत तो देवाला विनवितो, की माझ्या मुलांना मी दिलेली पदे टिकवून ठेव आणि भावाने भावाचा मत्सर करू नये असे कर. मराठीत ज्याला आपण भाऊबंदकी म्हणतो, तिच्याविषयी एवढ्या थोड्या शब्दांत कोणा राजाने क्वचितच लिहिले असेल.

देवाने ऐकले नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात थीब्जच्या मुख्य पुरोहितपदावरून घराण्यातच युद्ध पेटले. ताकेलॉट दुसरा याचा मुलगा, राजपुत्र ओसोर्कॉन याने या संघर्षाची हकीकत कर्नाकच्या भिंतीवर सविस्तर कोरविली आहे. बंडखोरांना पकडून जाळल्याचे त्यात आहे, पळून जावे लागल्याचे आणि पुन्हा परतल्याचेही आहे. आकाशाने चंद्र गिळलेला नसतानाही देशात मोठा उत्पात झाला, असे एक वाक्य त्यात येते. चंद्रग्रहण झाले की झाले नाही, यावर पंडितांनी किती कागद खर्ची घातले असतील, याची गणती नाही. प्रतिस्पर्धी पेदुबास्ट याने स्वतःला राजाच घोषित केले. हा राजपुत्र मात्र चिवट निघाला. दशकांच्या लढ्यानंतर तो स्वतः ओसोर्कॉन तिसरा म्हणून राजा झाला. अकोरिस येथे जपानी पथकाला मिळालेल्या एका शिलालेखात राजा ओसोर्कॉन स्वतःला मुख्य पुरोहितही म्हणवितो. त्यामुळे ही ओळख आता बहुतेकांना मान्य आहे.

बावीस, तेवीस आणि चोवीस या तीन राजवंशांची जुळवाजुळव करताना अभ्यासकांची दमछाक होते ती यामुळेच. एकाच वेळी अनेक राजे आणि सर्वांची नावे तीच. शोशेंकने घेतलेले ‘हेजखेपेरे’ हे राजनाम पुढे अनेकांनी जसेच्या तसे उचलले. केनेथ किचन यांनी १९७३ मध्ये या काळाची घडी प्रथम नीट बसविली. पण १९८९ मध्ये डेव्हिड ॲस्टन यांनी ताकेलॉट दुसरा हा मुख्य वंशातील नसून थीब्जच्या शाखेतील असल्याचे दाखविले आणि घडी पुन्हा विस्कटली.

मासे खाणारे राजे

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात या विभागणीचा शेवट दक्षिणेकडून आला. आजच्या सुदानमधील कुश राज्याचा राजा पिये इ. स. पूर्व ७२८ च्या सुमारास फौजेसह उत्तरेत शिरला. त्याचा विजयलेख १८६२ साली सुदानमधील जेबेल बर्कल येथे सापडला. चार राजे आणि कितीतरी सरदार त्याला शरण आलेले त्यात दिसतात. शिलेच्या माथ्यावरील चित्रात राजांच्या कपाळावर नाग आहे, तर सरदारांच्या केसांत पीस. हर्मोपोलिसचा राजा निमलॉट घोडा घेऊन येतो आहे. त्याच्या तबेल्यातील घोडी उपाशी ठेवलेली पाहून पिये संतापला होता. नगराच्या वेढ्यात माणसे मेली, त्यापेक्षा त्याला या घोड्यांचे दुःख अधिक झाले असावे, असे लेख वाचताना वाटते.

अखेरचा प्रसंग तर बोलका आहे. शरण आलेल्या राजांपैकी एकट्या निमलॉटला राजवाड्यात प्रवेश मिळाला, कारण तो शुद्ध होता आणि मासे खात नसे. इतर तिघांना, सुंता न झालेले आणि मासे खाणारे म्हणून, बाहेर थांबविण्यात आले. इजिप्शियन धर्माचे सोवळे इजिप्तच्या राजांना शिकवीत होता तो कुशहून आलेला एक परका राजा! त्या बाहेर थांबलेल्यांत ओसोर्कॉन चौथा होता, शोशेंकच्या गादीचा शेवटचा वारस. असिरियाचा राजा सार्गोन दुसरा याला इ. स. पूर्व ७१६ मध्ये इजिप्तच्या ज्या ‘शिल्कान्नी’ने बारा घोडे नजराणा पाठविले, तो बहुधा हाच. शोशेंकने पॅलेस्टाईन तुडविले होते. त्याच्या वारसाकडे साम्राज्याला खूश ठेवण्यासाठी बारा घोडे उरले.

टॅनिसची चांदी

एवढी दोन शतके राज्य करूनही हे राजे सर्वसामान्य वाचकाच्या नजरेआड का राहिले? निदान एक कारण निव्वळ दुर्दैवाचे. पिएर मोंते या फ्रेंच संशोधकाला टॅनिस येथे ओसोर्कॉन दुसरा याचे थडगे १९३९ च्या फेब्रुवारीत सापडले. पुढच्याच महिन्यात शेजारच्या थडग्यात शोशेंक दुसरा हा राजा मिळाला. ससाण्याचे मुख असलेल्या चांदीच्या शवपेटीत तो होता आणि ती उघडताना राजा फारूक स्वतः हजर होता. तूतनखामेनच्या शोधाशी तुलना व्हावी असा हा ठेवा. पण सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि वर्तमानपत्रांना थडग्यांसाठी जागा उरली नाही. त्रिभुज प्रदेशातील दमट मातीने लाकूड आणि ममी खाऊन टाकल्या. सोने, चांदी आणि दगड तेवढे राहिले.

तरी टॅनिसची माती अजून थकलेली नाही. ओसोर्कॉन दुसरा याच्या त्याच थडग्यात एक बेनाव दगडी शवपेटी होती. ती कोणाची, हे ऐंशी वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्रेंच पथकाला तिच्याजवळ गाळात २२५ उशाब्ती, म्हणजे मृताच्या सेवेसाठी पुरलेल्या छोट्या मूर्ती, मिळाल्या. त्यांवर नाव आहे शोशेंक तिसरा याचे. या राजाने जवळच स्वतःसाठी वेगळे थडगे बांधून घेतलेले आहे. मग तो आजोबांच्या पिढीतील ओसोर्कॉनच्या थडग्यात कसा आला? त्याला मुळातच येथे पुरले, की चोरांच्या भीतीने नंतर येथे हलविले, याचा शोध सुरू आहे.